वीर्यतपासणीच्या घरच्या किटवर दोन रेषा आल्या, तरी लॅबमध्ये जायलाच हवं का?

दिवचलीचा तारवटी
नमस्कार मंडळी, विषय अडचणीचा आहे म्हणून टोपणनावाने विचारतोय. मी बोटीवर इंजिन रूममध्ये असतो, सध्या सुट्टीवर घरी आहे. मूल होत नाही म्हणून बायकोच्या सगळ्या टेस्ट झाल्या, नॉर्मल आल्या, आता डॉक्टरीणबाई म्हणतात मिस्टरांचं सीमेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी, करा. पण गावातल्या लॅबच्या काउंटरवर बसते ती मुलगी बायकोच्या मावशीची शेजारीण, तिच्या हातात डबी कोण देणार? म्हणून ऑनलाइन किट मागवलं, दोन रेषा आल्या म्हणजे ओके. खोक्यावर ९८ टक्के अचूक असं छापलंय. एवढं पुरे ना?

स्लाइडवाली
मी लॅबमध्येच काम करते. ९८ टक्के कशाचे ते आधी बघा. असली रेषावाली किटं शुक्राणूंच्या डोक्यावरचं एक प्रोटीन पकडतात, आणि एका मिलीत ठरावीक आकड्याच्या वर, बहुतेक दीड किंवा दोन कोटींच्या वर असले की दुसरी रेषा येते. म्हणजे संख्या वर की खाली एवढ्याच उत्तरापुरते ते ९८. शुक्राणू हलतायत का, सरळ पुढे जातायत का, आकार कसा, वीर्य किती, त्यात पू आहे का, यातलं काही किटला कळत नाही. पाच कोटी असून सगळे जागच्या जागी पडलेले असले तरी रेषा दोनच येणार! डब्ल्यूएचओच्या वीर्यतपासणीवरच्या २०२१च्या पुस्तकात खालची मर्यादा मिलीला १.६ कोटी, सगळ्या सॅम्पलमध्ये मिळून ३.९ कोटी आणि हलणारे ४२ टक्के अशी आहे. तीसुद्धा पास-नापासची रेघ नव्हे, वर्षभरात ज्यांच्याकडे दिवस राहिले अशा बापांमधलेही शंभरातले पाच त्याच्या खाली असतात.

मडगावकर
मोबाइलला लावायची किटं पण मिळतात, त्यात कॅमेऱ्यावर शुक्राणू हलताना दिसतात. रेषेपेक्षा बरी, पण आकार वगैरे नीट नाही कळत, आणि सॅम्पल पातळ व्हायच्या आधीच घाईने थेंब टाकला तर काय वाट्टेल ते दाखवतं. अर्धा तास तरी थांबावं लागतं.

फोंड्याची सून
बायकोने ट्यूबचा, म्हणजे गर्भनलिकांचा, एक्सरे काढला असेल ना? किती दुखतो तो विचार तिला एकदा. आणि तुला डबीची लाज वाटते होय रे! गावात नको तर पणजीला जा, म्हापशाला जा, तिथे कोण ओळखतंय तुला. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात पण होईल.

दिवचलीचा तारवटी
ताई, बरोबर बोललात, ऐकून घेतलं 🙏 पणजीलाच जातो. पण सॅम्पल घरून नेलं तर चालतं का? आणि इंजिन रूमच्या गरमीचा काही संबंध असतो का?

स्लाइडवाली
लॅबमध्येच दिलेलं उत्तम, वेगळी खोली असते. घरून न्यायचं तर तासाभराच्या आत पोचलं पाहिजे, पर्वरीत ट्रॅफिकला अडकलात तर गेलंच. लॅबची डबी आधीच आणून ठेवा, शर्टाच्या आतून अंगालगत धरा, गाडीच्या एसीसमोर नको. तेल, क्रीम, साधा कंडोम काही वापरायचं नाही, आणि आधी दोन ते सात दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको.

गरमीचं म्हणाल तर संबंध असू शकतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे नुकतेच बोटीवरून आला असाल तर आत्ताच्या रिपोर्टमध्ये बोटीवरचेच दिवस दिसतील. मोठा ताप येऊन गेला असेल तरी तसंच. एका रिपोर्टवर कुणी काही ठरवत नाही. कमी आलं तर सुट्टी संपायच्या आधी दुसऱ्यांदा द्या, आणि व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा, आहे का ते युरोलॉजिस्टकडून तपासून घ्या, ते हाताला लागतं, किटला नाही.

मडगावकर
आणि किटचा फोटो डॉक्टरीणबाईंना दाखवू नकोस, परत लॅबलाच पाठवतील 😄