हाडातलं रक्त थांबवायला मेण: अजून किती दिवस?

हाडवैद्य_कुडाळ: सरळच लिहितो. जिथे हाड जुळायचंय तिथे बोन वॅक्स लावायची सवय आपण सोडली पाहिजे. मागच्या पावसाळ्यात एक पेशंट आला. पोफळीवरून पडलेला, ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, कमरेच्या हाडाचा तुकडा (ग्राफ्ट) काढून मांडीत घातलेला. मांडी बरी, पण कमरेची जखम आठ महिने वाहत होती. उघडली तर आत चण्याएवढा पिवळट गोळा. मेण! दाबलं होतं तसंच्या तसं. हे मेण शरीरात जिरत नाही, रक्त गोठवत नाही, नुसतं बूच आहे. बूच जागेवरच राहिलं तर नवीन हाड शिरणार कुठून? शिवाय जंतूंना आयती खोली.

ओटीतली_ताई: डॉक्टर, राग मेणावर आहे की गोळा ठेवणाऱ्यावर? पातळ लेप द्यायचा आणि जास्तीचं खरवडून काढायचं, एवढं साधं आहे. अडीच ग्रॅमची कांडी मीच फोडून देते. ग्लोव्हज ओले करून मळायची, फणस कापताना बोटांना खोबरेल चोपडतो तसं, नाहीतर सगळं हातालाच. हाडातली रक्तवाहिनी हाडाच्याच नळीत ताठ बसलेली, तिला आकसायला जागा नाही, म्हणून कॉटरीचा, म्हणजे विजेने डागून रक्त थांबवण्याचा, फारसा उपयोग नाही. रात्री दोन वाजता रक्ताच्या पिशवीसाठी गाडी पाठवून बघा, मग मेणाची किंमत कळेल.

हाडवैद्य_कुडाळ: रक्त थांबवायला जिलेटिन स्पंजही ट्रेवर असतो की. महिना-दीड महिन्यात जिरतो.

मणकेवाला: जिरतो, पण आधी फुगतो! मणक्याच्या पोकळीत तसाच ठेवून टाके घातलेत तर नसांवर दाब येतो. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज, म्हणजे रक्त थांबवायची ती जाळी, तीही तिथे काम झालं की काढून घ्यायचं असतं. आणि कवटीचं काय? १८९२ साली व्हिक्टर हॉर्सलीने मधमाशीचं मेण, बदामाचं तेल आणि सॅलिसिलिक ॲसिड एकत्र केलं, तो गृहस्थ मेंदूचाच सर्जन. पेशंटला बसवून ऑपरेशन करताना कवटीच्या उघड्या शिरांतून हवा आत ओढली जाऊ शकते. तिथे मला मेणच लागतं, वाद नको.

वेंगुर्ल्याचो_झील: गो ताई, माझ्या बापाशीचो बायपास झालो. छातीच्या हाडाक पण ह्याच मेण लावतत काय? बापूस उन्हात बसलो तर वितळतला?

ओटीतली_ताई: काही सर्जन लावतात, काही नाही. पण वितळायची काळजी नको, मधमाशीचं मेण साठ अंशांच्या वर वितळतं. बाबांना खुशाल अंगणात सुपारी कातरत बसू दे.

हाडवैद्य_कुडाळ: छातीचं हाडही जुळायचंच असतं, म्हणून तिथेही माझा विरोध. मणकेवाल्यांचं कवटीपुरतं मान्य. पण आता पाण्यात विरघळणारं मेण निघालंय. मळायचं तसंच, दोनेक दिवसांत हाडावरून निघून जातं.

ओटीतली_ताई: निघालंय हो, आमच्यापर्यंत पोचलंय कुठे? स्टोअरच्या मागणीपत्रात (इंडेंटमध्ये) तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा ‘उपलब्ध नाही’.

हाडवैद्य_कुडाळ: चौथ्यांदा लिहा.

ओटीतली_ताई: लिहिते. पण सोमवारी तुमची ऑपरेशनची लिस्ट आमच्याकडेच आहे. ट्रेवर कांडी ठेवू की नको, तेवढं सांगा.

हाडवैद्य_कुडाळ: ठेवा. मी मागितल्याशिवाय पाकीट फोडू नका.