किडनी पुण्यात बसते, गोळ्या आयुष्यभर इथे चालतात: फार्मसिस्टना ट्रान्सप्लांटची रेसिडेन्सी सांगली-मिरजेत हवी की नको?

कृष्णाकाठची

मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत मी अकरा वर्षं आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची औषधं सांभाळायला फार्मसिस्टना वेगळी, पगारी, वर्षभराची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं प्रशिक्षण हवं. आणि ते फक्त पुण्या-मुंबईत नको, इथेही हवं.

गेल्या पावसाळ्यात कवठेमहांकाळकडचे एक काका काउंटरवर आले. तीन वर्षांपूर्वी पुण्यात किडनी बसवलेली, बायकोनेच दिलेली. हातात दोन चिठ्ठ्या. एक नेहमीची, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. दुसरी खोकल्याची, त्यावर क्लॅरिथ्रोमायसिन. चार दिवसांच्या गोळ्या पोटात गेलेल्या, उरलेल्या माझ्याकडून हव्या होत्या. सुटे पैसे उचलताना बोटं थरथरत होती, दोन रुपयांचं नाणं दोनदा निसटलं. म्हणाले, "वयानं होतंय ताई." वय अठ्ठेचाळीस.

शरीरात टॅक्रोलिमस मोडायचं काम जे एन्झाइम करतं, त्यालाच क्लॅरिथ्रोमायसिन अडवतं. गोळी तेवढीच राहते, रक्तातली पातळी मात्र चढत जाते. आधी हात थरथरतात, मग जी किडनी वाचवायला गोळी चालू आहे तिलाच इजा होते. मी त्यांच्या पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी लेव्हल, म्हणजे रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी, वीसच्या वर आली. इतक्या वर्षांनी ती साधारण पाच ते आठच्या घरात ठेवतात. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध बदललं, टॅक्रोलिमस दोन दिवस थांबवलं आणि क्रिअॅटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, उतरला.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं, स्वतःच वाचून ठेवलं होतं. त्या दिवशी माझी सुट्टी असती तर?

अमेरिकेत फार्मसीची पदवी झाल्यावर एक वर्ष सर्वसाधारण रेसिडेन्सी आणि दुसरं वर्ष खास प्रत्यारोपणाची, असा रस्ता आहे. २००७ च्या तिथल्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्यारोपण केंद्राच्या टीममध्ये औषधशास्त्राचं माणूस असावंच लागतं. २०२० पासून या विषयाची वेगळी बोर्ड परीक्षाही आहे. आपल्याकडे फार्म डी, म्हणजे फार्मसीतली डॉक्टर पदवी, २००८ ला सुरू झाली. सहा वर्षं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं: सहा महिने मेडिसिन आणि दोन-दोन महिने इतर तीन विभाग. पुढे रस्ता संपतो.

फार्मडी_विश्रामबाग

ताई, काकांना तुम्ही वाचवलंत, त्याबद्दल मनापासून नमस्कार. पण मी विरोधात आहे.

मी फार्म डी केलं. इंटर्नशिपच्या वर्षात एक रुपया विद्यावेतन मिळालं नाही. रोज राउंडला गेले, हिस्टरी घेतल्या, कुठलं औषध कुठल्याशी जुळत नाही ते शोधून फाइलला लावलं. ते कागद कुणी वाचले नाहीत. आता मी पुण्यात फार्माकोव्हिजिलन्समध्ये दिवसभर स्क्रीनवर दुष्परिणामांच्या केसेस भरते. माझ्या वर्गातले बहुतेक असंच काहीतरी करतात, वॉर्डात जवळपास कुणीच नाही.

रेसिडेन्सी सुरू करा म्हणजे काय, तर सहा वर्षांवर आणखी एक वर्ष स्वस्तात राबायचं. त्यानंतर पद कुठे आहे? सिव्हिलमध्ये औषध निर्माण अधिकारी हे पद आहे, ते स्टोअर आणि औषधवाटपाचं. आधी 'ट्रान्सप्लांट फार्मसिस्ट' असं पद मंजूर करून घ्या, पगार ठरवा, मग शिक्षण काढा. तोवर आई-बापांच्या पैशाला हात लावू नका.

तासगावचा मेडिकलवाला

माझाही विरोध, पण कारण वेगळं. त्या काकांना पहिल्या चार दिवसांच्या गोळ्या कुणी दिल्या? गावातल्या मेडिकलनं. म्हणजे चूक तिथं झाली. वर्षाला दोन माणसं मिरजेत तज्ज्ञ करून ती चूक थांबणार नाही.

आमच्यासारख्या डी फार्म, म्हणजे डिप्लोमावाल्यांना दोन दिवस बसवा, एक तक्ता द्या. या गोळ्यांबरोबर क्लॅरिथ्रोमायसिन नाही, फ्लुकोनॅझोल नाही, दुखण्यावर डायक्लोफेनॅक नाही, फिटच्या फिनिटॉइननं पातळी पडते. तक्ता काउंटरमागं लावू. सणासुदीला दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा भिंतीवरचा कागदच कामाला येतो. शिकायची आमची तयारी आहे, आम्हाला कुणी बोलावत नाही.

फिजिशियन, मिरज

हा विषय निघाला याचं समाधान वाटलं, तरी दोन अडचणी मांडतो.

पहिली संख्येची. रेसिडेन्सी म्हणजे रोज रुग्ण बघून हात बसणं. माझ्या ओपीडीत महिन्याला येणारे प्रत्यारोपणाचे रुग्ण दोन हातांच्या बोटांवर मोजता येतात. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने सर्वांत नाजूक. डोस जवळजवळ रोज बदलतो, संसर्ग टाळायला को-ट्रायमॉक्सॅझोल आणि व्हॅलगॅनसायक्लोव्हिर सुरू असतं, त्यातच पांढऱ्या पेशी घसरतात. हे जिथे घडतं तिथेच शिकता येतं. मिरजेत बसून ते शिकवणं म्हणजे विहिरीशिवाय पोहायला शिकवणं.

दुसरी जबाबदारीची. चिठ्ठीवर सही माझी असते. अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलला समन्वयक नेमणं बंधनकारक झालं. रुग्णाचा पाठपुरावा तो करतोच. त्यात आणखी एक माणूस आला की रुग्णाने ऐकायचं कुणाचं?

जतचा भाऊ

मी फार्मसीतला नाही. माझ्या धाकट्या भावाला आईची किडनी बसवली आहे, दोन वर्षं झाली. ऑपरेशन पुण्यात. समन्वयक मॅडम चांगल्या आहेत, फोन उचलतात, पण त्यांच्याकडे किती पेशंट!

आमचं काय झालं ते सांगतो. लेव्हलचं रक्त द्यायला भाऊ पहाटेच्या एसटीनं सांगलीला जायचा. गोळीची वेळ आठची. मोबाइलचा गजर वाजला की गाडीतच गोळी घ्यायचा, एक दिवस चुकवली नाही. नऊला लॅबमध्ये रक्त द्यायचा. रिपोर्ट जास्त यायचा. पुण्याहून फोनवर डोस कमी व्हायचा. असं दोनदा झालं. तिसऱ्या महिन्यात क्रिअॅटिनिन वाढलं, अॅडमिट करून बायोप्सी केली, शरीर किडनी नाकारायला लागलं होतं.

तिथं एका मुलीनं विचारलं, "रक्त द्यायच्या दिवशी गोळी कधी घेता?" रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. सांगितलं असेलही, पण डिस्चार्जच्या दिवशी चाळीस गोष्टी सांगतात. ती मुलगी फार्मसिस्ट होती. आईचं अवयवदान मातीत जायचं ते एका प्रश्नानं वाचलं.

कृष्णाकाठची

दादा, हे लिहिलंत ते बरं केलंत. भावाची तब्येत आता ठीक असेल अशी आशा करते.

डॉक्टरसाहेब, तुमची संख्येची अडचण मला मान्य आहे. म्हणूनच वर्षाचे दोन भाग करावेत: पहिले सहा महिने पुण्यातल्या प्रत्यारोपण केंद्रात, पुढचे सहा महिने इथे. पहिले तीन महिने नाजूक, पण तेव्हा रुग्णाभोवती दहा माणसं असतात. चौथ्या वर्षी त्याला टीबी होतो तेव्हा भोवती कोण असतं? रिफॅम्पिसिन सुरू झालं की टॅक्रोलिमस इतकं पडतं की डोस कित्येक पटींनी वाढवावा लागतो. टीबीचा कोर्स संपला आणि डोस उतरवायचा राहिला की तेच उलटतं. गाऊट झाला म्हणून अॅझाथायोप्रिनवरच्या (हेही किडनी नाकारू नये म्हणूनचं औषध) माणसाला कुणी अॅलोप्युरिनॉल दिलं तर अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणंच मंदावतं. हे सगळं पुण्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर, आपल्या भागात घडतं. तुम्ही म्हणता ती विहीर इथेही आहे, फक्त तिचं पाणी वेगळं आहे.

सही तुमचीच राहील. सही करण्याआधी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघणारं माणूस मी मागते आहे.

तासगावकर दादा, तक्ता मी स्वतः करून देईन. पण जुलाब लागले की टॅक्रोलिमसची पातळी कमी न होता उलट वाढू शकते, हे कुठल्या रकान्यात लिहू? तक्ता औषधांच्या जोड्या सांगतो, समोरच्या माणसाला काय विचारायचं ते सांगत नाही.

फार्मडी_विश्रामबाग

दादांचा अनुभव वाचून पोटात कालवलं. पण ताई, माझ्या पगाराच्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलं नाही. बायोप्सीच्या वेळी जी मुलगी भेटली, तिला हॉस्पिटलने पद दिलं होतं म्हणून ती तिथे होती. आधी पद, मगच रेसिडेन्सी. यावरून मी हलणार नाही.

कृष्णाकाठची

उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नाही. बिनपगारी रेसिडेन्सी निघाली तर तिच्याविरुद्ध पहिली सही माझी. पण पद मागायला गेलं की "असा शिकलेला माणूस दाखवा" म्हणतात. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालू. मसुदा तुम्ही लिहा, तुमच्याइतकं नेमकं मला लिहिता येणार नाही.

फिजिशियन, मिरज

टीबीचा मुद्दा बिनतोड आहे. असा एक रुग्ण माझ्याकडे आहे आणि दर पंधरा दिवसांनी मला पुण्याला फोन करावा लागतो. सहा-सहा महिन्यांची विभागणी असेल तर माझी ओपीडी शिकवायला उघडी आहे. वेगळी पदवी काढायची झाली तर मात्र माझा विरोध राहील.

जतचा भाऊ

ताई, विषय चाललाय म्हणून विचारतो. काल दुकानात भावाच्या टॅक्रोलिमसचं नेहमीचं पाकीट नव्हतं. त्यांनी त्याच कंपनीचं, तेवढ्याच मिलिग्रॅमचं दिलं. नाव तेच आहे, शेवटी फक्त दोन अक्षरं जास्त आहेत. त्यावर दिवसातून एकदा असं आहे. आमची तर सकाळ-संध्याकाळ आहे. चालेल का?

कृष्णाकाठची

आत्ता देऊ नका. ती हळूहळू सुटणारी गोळी आहे. औषध तेच असलं तरी नेहमीच्या गोळीच्या जागी आपल्या मनाने देता येत नाही, डॉक्टरांनी डोस ठरवून आणि लेव्हल बघूनच बदलतात. जुन्या पाकिटातल्या किती शिल्लक आहेत?

जतचा भाऊ

चार. एका वेळी एकच घेतो.

कृष्णाकाठची

म्हणजे दोन दिवस. आज रात्रीची जुन्यातलीच द्या. नवीन पाकीट फोडू नका, बिलासकट परत न्या. सकाळी समन्वयक मॅडमना फोन करून ती दोन अक्षरं वाचून दाखवा. तुमची नेहमीची गोळी आमच्याकडे आहे का ते मी उद्या आठ वाजता दुकान उघडल्यावर बघते आणि इथेच लिहिते.