म्हातारा नर फक्त रात्रीच कॅमेऱ्यात येतो. नोव्हेंबरच्या सुट्टीत बसू कुठे?

नागझिऱ्याचा_मचाणकर · २९ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनच्या पश्चिमेला, डॉजव्हिलजवळ एका शेतकऱ्याच्या रानात धनुष्याने हरणांची शिकार करतो. दूधधंदा आहे त्यांचा. जुलैत गवताचे गठ्ठे चढवायला जातो, त्या बदल्यात त्यांनी दुसऱ्या वर्षीही परवानगी दिली. ६० पौंड ताणाचं कंपाउंड (कप्प्यांचं धनुष्य) आहे. गेल्या वर्षी एक मादी मिळाली होती.

यंदा एक व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा) नर डोक्यात बसलाय. साडेचार वर्षांचा तरी असावा. मान सरळ छातीत उतरलीय, पोट सैल, त्यामुळे पाय आखूड वाटतात. उजव्या शिंगाचा कपाळाजवळचा फाटा तुटलाय, म्हणून तो लगेच ओळखू येतो. अल्फाल्फाच्या (लसूणघासाच्या) कडेला ओकची एक फांदी खाली आलीय, तिच्याखाली मोठा स्क्रेप आहे, म्हणजे नरांनी वास सोडायला खुरांनी उकरलेली जागा. १२ ऑक्टोबरपासून तो तिथल्या कॅमेऱ्यात ९ वेळा आला. सगळ्या वेळा रात्री ९ ते पहाटे ४ या दरम्यान. उजेडात एकदाही नाही.

माझा स्टँड (झाडावरचं मचाण) त्या स्क्रेपपासून २२ यार्डांवर आहे. सुट्टी ५ ते १३ नोव्हेंबर. भंडाऱ्यात वाढलो, बुद्धपौर्णिमेच्या प्रगणनेला नागझिऱ्यात पाणवठ्याच्या मचाणावर रात्र रात्र बसलोय. तिथे मे महिन्यात पाणी एकाच ठिकाणी असतं, जनावर कधी ना कधी येतंच. इथे पाणी सगळीकडे, चारा सगळीकडे. मग या जनावराचा "पाणवठा" कुठला? स्क्रेपवरच धीर धरू की जागा बदलू?

व्हर्नन_काउंटीची_ताई · २९ ऑक्टोबर

जागा बदला. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. नोव्हेंबरात त्याचा पाणवठा म्हणजे माद्या.

स्क्रेपवर जाणं बहुतेक रात्रीचंच असतं, आणि ऑक्टोबरच्या शेवटी तिथे सगळ्यात गर्दी होते. माद्या माजावर यायला लागल्या की नर स्क्रेप वाऱ्यावर सोडतात. एक मादी जेमतेम एक-दोन दिवस माजावर असते आणि आपल्याकडे बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांतच येतात. थंडी पडली की माज लवकर येतो असं सगळे म्हणतात, पण वेळ ठरते ती दिवस लहान होत जाण्यावरून. थंडीने एवढंच होतं की जनावर दिवसा जास्त हिंडतं. त्यामुळे तुमची सुट्टी अगदी योग्य पडलीय, फक्त स्टँड चुकीच्या जागी आहे.

आता डोंगर बघा. तुमच्या भागात वारा बहुतेक वायव्येचा. म्हणजे डोंगराच्या सोंडेची आग्नेय बाजू आडोशाची. म्हातारे नर त्या बाजूला माथ्यापासून वरच्या तिसऱ्या भागात बसतात. माथ्यापलीकडचा वास पाठीवरून येतो, आणि ऊन चढलं की दरीतली हवा वर सरकते, ती खालची खबर आणते. माद्या शोधतानाही तो याच पातळीवरून चालतो. त्यांच्या बसायच्या जागेत घुसत नाही, वाऱ्याखालून एक फेरी मारतो आणि नाकानेच तपासतो. दोन-तीन वर्षांचा नर माद्यांच्या मागे उघड्यावर पळताना दिसेल. म्हातारा असा पळत नाही.

म्हणून माद्या बसतात अशा दोन जागांच्या मधली खिंड शोधा. स्टँड खिंडीच्या आडोशाच्या तोंडाशी लावा, पण तुमचा वास एखाद्या उभ्या घळीवर जाईल असा. तिथून त्याला चालताच येत नाही. सगळा खेळ या एका गोष्टीवर आहे. घळ नसेल तर ती खिंड कितीही छान दिसू दे, सोडून द्या.

सकाळी अल्फाल्फातून जाऊ नका. पहाटे माद्या तिथेच चरत असतात. ओढ्यातून वर चढा, अंधार असताना, आणि मग दिवसभर उतरू नका. डबा वरच खायचा. माझा सगळ्यात मोठा नर दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी आला होता. बाकीचे शिकारी तेव्हा गाडीत बसून सूप पीत होते.

ओहायोचा_शिधा · ३० ऑक्टोबर

ताईंशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

पूर्ण अंगाचा हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा पट्टा) आणि जमिनीपासून वरपर्यंत दोर, चढतानासुद्धा. दिवसभर बसल्यावर पाय बधिर होतात आणि माणूस पडतो ते बहुतेक चढता-उतरताना. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी १४ फुटांवरून पडलो, टाच मोडली. उतरताना "एवढ्याने काय होतंय" म्हणून दोर सोडला होता.

दुसरं, ३० यार्डांपुढे बाण सोडू नका, सरावात कितीही छान लागत असला तरी. ताशी मैल वगैरे सोडा, साधा हिशोब करा. बाण सेकंदाला २७० फूट जातो, म्हणजे ३० यार्डांना साधारण एक तृतीयांश सेकंद. दोरीचा आवाज हरणाच्या कानावर त्या वेळेच्या चौथ्या हिश्शातच पोचतो. सावध जनावर तेवढ्यात पळण्यासाठी खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो, किंवा नको तिथे लागतो. माजात नर चालतच असतो, त्याला थांबवायला तोंडाने आवाज काढावा लागतो, म्हणजे तो सावधच झालेला असतो.

गोंदियाकर_वाचक · ३० ऑक्टोबर

शिकारीचा विरोधक म्हणूनच विचारतो. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीला आळा बसला म्हणून चितळ, सांबर उरले. नागझिऱ्यात प्राणी मोजलेल्या माणसाला हे करवतं कसं?

नागझिऱ्याचा_मचाणकर · ३० ऑक्टोबर

प्रश्न रास्त आहे, मीही स्वतःला वर्षभर विचारला. नागझिऱ्यात चितळामागे वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्री आहेत. या काउंटीत (जिल्ह्यात) लांडग्यांचे कळप नाहीत. कोयोट (लांडग्याहून लहान रानटी कुत्र्यासारखा प्राणी) पाडसं मारतो, मोठ्या नराला फारसा हात लावत नाही. डॉजव्हिलपासून जवळच, माउंट होरेबच्या भागात, २००२ साली हरणांत मेंदू झिजवणारा सीडब्ल्यूडी हा रोग सापडला आणि आता तो या टापूत मुरलाय. दाटी वाढली की तो अधिक फैलावतो. मी मारलेल्या मादीचा नमुना तपासायला दिला, निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये बांधून ठेवलं. मग घरी खाल्लं, शेतकऱ्याच्या घरी दिलं. तिच्यासाठी मला वाईट वाटलं, आजही वाटतं. ते वाटणं बंद झालं तर मी धनुष्य ठेवून देईन.

आणि या राज्यात धनुष्याचा कायदेशीर हंगाम १९३४ साली सॉक आणि कोलंबिया काउंटींत सुरू झाला. भारतात हे चालू करा असं मी कधीच म्हणणार नाही. तिथे कायदा बरोबरच आहे.

नागझिऱ्याचा_मचाणकर · १४ नोव्हेंबर

सुट्टी संपली, कळवायला आलो.

ताई, खिंड सापडली, खाली घळही होती. ५ ते ८ तारखांना तीन तरुण नर आणि अकरा माद्या दिसल्या. रविवारी, ९ला, वायव्येचा कडक वारा. १० वाजून २० मिनिटांनी एक मादी शेपटी बाजूला धरून खिंडीतून गेली. तिच्यामागे साठ-सत्तर यार्डांवर तो. नाक जमिनीला, तोंडातून दर चार पावलांना डुकरासारखा खरखर आवाज. तुटका फाटा दिसला तेव्हा माझा डावा गुडघा थरथरत होता.

मादी पुढे थांबली, तोही थांबला. माझ्यापासून १६ यार्ड, पण तोंड थेट माझ्याकडे, छातीपुढे जंगली चेरीचं खोड. दोरी मी आधीच ओढली होती. मिनिटभर धरली, दीड मिनिट. खांदा पेटला. समोरून बाण सोडायला जागा हाताच्या पंजाएवढी, आणि छातीचं हाड पुढे. तो कुशीवर एक पाऊल वळला असता तर झालं असतं. मादी खाली उतरली, तो सरळ तिच्यामागे गेला. मी दोरी सैल सोडली आणि खूप वेळ खोडाला टेकून बसलो.

त्यानंतर चार दिवस दिसला नाही, कॅमेऱ्यातही नाही. २२ला बंदुकीचा हंगाम उघडतोय, नऊ दिवस. त्यातून वाचला तर डिसेंबरात काय करू?

व्हर्नन_काउंटीची_ताई · १४ नोव्हेंबर

बाण सोडला नाहीत ते बरोबर केलंत. दिसला नाही कारण एखाद्या मादीबरोबर झुडपात बसला असेल, तेव्हा दोघंही शंभर यार्ड हलत नाहीत.

डिसेंबरात खिंड विसरा. गाभण न राहिलेल्या माद्या साधारण २८ दिवसांनी पुन्हा माजावर येतात, पण थोड्याच. नर तोवर वाळलेला असतो, त्याला पोट दिसतं. त्या शेतकऱ्याला आजच विचारा, उभा मका कुठे शिल्लक ठेवणार आहे का, आणि नऊ दिवसांत त्याच्या घरचे बंदूक घेऊन कुठे कुठे बसणार आहेत. त्या नऊ दिवसांत गेलात तर धनुष्य असलं तरी केशरी जाकीट घालावंच लागतं. ६ तारखेनंतर संध्याकाळी बसा, मक्याच्या वाऱ्याखालच्या कोपऱ्यात. तो तुटका फाटा पुन्हा दिसला तर मला कळवा.