लहानपणीच्या लशींमुळे पुढे टाइप १ डायबेटिस होतो का?

पर्वतीपायथा: भाच्याला (वय १४) टाइप १ निघाला. घराण्यात कुणालाच नाही. तेव्हापासून आत्याचं एकच पालुपद, "तान्हेपणी टोचून टोचून पोराची प्रतिकारशक्ती बिथरवली." आता चुलतबहिणीच्या बाळाचा सहा आठवड्यांचा पेंटाव्हॅलंटचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचा) डोस आलाय, आणि ती म्हणते वर्षभर थांबते. माझ्या मते हे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. विरोधात असाल तर जरूर लिहा, फक्त व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड चिकटवू नका.

स्पष्टवक्ता: आत्याबाईंना हसू नका. टाइप १ मध्ये शरीराचीच प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते. लस त्याच यंत्रणेला डिवचते. शंका आली तर बिघडलं कुठे? सगळे डेन्मार्कच्या अभ्यासाचा दाखला देतात. सात लाखांवर मुलं, ६८१ रुग्ण, लशींशी संबंध नाही. छान. पण ती मुलं १९९० ते २००० मध्ये जन्मलेली आणि नोंदी २००१ पर्यंतच्या. सगळ्यात मोठं पोरही बाराच्या आतलं. चौदाव्या वर्षाचं त्यातून काय कळणार?

मेतकूट: @स्पष्टवक्ता, इथेच घोडं पेंड खातं. रोग चौदाव्या वर्षी दिसला म्हणून तो तेव्हाच सुरू झाला असं नसतं. बीटा पेशींविरुद्धच्या ॲंटिबॉडी पुष्कळदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच रक्तात सापडतात. साखर चढते ती बऱ्याच पेशी गेल्यावर, कधी कधी कितीतरी वर्षांनी. ठिणगी लशीची असेल तर या ॲंटिबॉडींत ती दिसायला हवी. जर्मनीच्या बेबीडायॅब अभ्यासात टाइप १ असलेल्या आईबापांची मुलं जन्मापासून तपासली, या ॲंटिबॉडींचा लशींशी संबंध लागला नाही.

आणि थांबण्याचं म्हणाल तर तो प्रयोग होऊन गेलाय. फिनलंडमध्ये हिब या जंतूवरची लस (पेंटाव्हॅलंटमधल्या पाचांपैकी एक) काही मुलांना तिसऱ्या महिन्यापासून दिली, काहींना थेट दोन वर्षांची झाल्यावर. दहा वर्षांनी टाइप १ च्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता.

स्पष्टवक्ता: फिनलंड! जगात सर्वाधिक टाइप १ तिथे. तिथली जनुकं, तिथली हवा. ते पुण्यात कसं लावणार?

धायरीकर: अहो, जिथे मुलं आधीच काठावर उभी आहेत, तिथेही लशीने धक्का दिला नाही, तर हा दाखला जास्त भक्कम झाला की कच्चा?
बाकी पर्वतीपायथा, भाच्याचं लसीकरणाचं कार्ड आधी काढा. पेंटाव्हॅलंट सरकारी कार्यक्रमात २०११ मध्ये आली तीच केरळ-तामिळनाडूत, महाराष्ट्रात त्यानंतर काही वर्षांनी. मनपाच्या दवाखान्यात टोचलं असेल तर त्याला ती मिळालीही नसेल. आरोपी तेव्हा गावातच नव्हता असं निघायचं!

इन्सुलिनची_आई: माझ्या लेकीला टाइप १ आहे. "तूच टोचून आणलंस ना?" हे सासरी ऐकून झालंय, त्यामुळे या विषयावर मी शांत राहू शकत नाही. ती रात्री तीन-तीनदा लघवीला उठायची, दप्तरातली बाटली मधल्या सुट्टीआधीच रिकामी. उलट्या सुरू झाल्यावर पहिल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसरीकडे ग्लुकोमीटर लावला तर आकडाच नाही, नुसतं 'हाय', म्हणजे साखर मीटरच्या मापापलीकडे. श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला पिकलेल्या फळाचा वास. थेट आयसीयू. लशीवर घालवता त्यातली पाच मिनिटं या लक्षणांवर घालवा. आणि हो, तिला फ्लूची लस दरवर्षी घ्यायला लावतात, डायबेटिस आहे म्हणूनच.

स्पष्टवक्ता: ताई, तुम्हाला कुणी बोल लावू नये, हे शंभर टक्के. पण वर्षभर नको, निदान दोन-तीन महिने थांबले तर आभाळ कोसळतं का?

मेतकूट: पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याची लस असते. मोठ्यांना त्याने ढास लागते. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला खोकला येतोच असं नाही, कधी श्वासच थांबतो. तुम्ही थांबायला सांगताय ते नेमके हेच महिने.