कॅनव्हास बुटांचं टाचेकडचं अस्तर फाटलं की तुम्ही काय करता?

वरचं कापड धड, तळ धड, आणि आत टाचेपाशी मात्र अस्तराला भोक. कॅनव्हास बूट रोज वापरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असेल. मुंबईत स्टेशनचे जिने चढता-उतरता टाच सतत वर-खाली घासते, आधी कापड विरतं, मग आतला फोम चुरायला लागतो आणि शेवटी मागची ताठ पट्टी उघडी पडून टाच सोलवटते. चांगले बूट एवढ्यासाठी टाकून द्यायला जीव होत नाही. फोम दिसायच्या आधीच अस्तरावर नवी पट्टी लावली तर दुरुस्ती खूप टिकते, हा माझा अनुभव. तुम्ही काय लावलं, कशाने चिकटवलं, कोणाकडून करून घेतलं? सविस्तर लिहा.

ठाण्याहून
दादर स्टेशनबाहेर बसणाऱ्या चर्मकार काकांकडून करून घेतो. ते रेक्झिन लावायला तयारच नसतात. रेक्झिन घाम शोषत नाही आणि घडीवर तडकतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलेलं आहे. मेंढीचं पातळ कातडं घेतात, रापीने, म्हणजे कातडं तासायच्या सुरीने, त्याच्या कडा आणखी पातळ करतात म्हणजे टाचेला उंचवटा लागत नाही. सोल्युशनने चिकटवून झालं की वरचा काठ आरीने शिवतात. ही शिवण सोडू नका. काठ मोकळा राहिला की पाय घालताना मोजा नेमका तिथेच अडकतो आणि पट्टी सुटत जाते.

गोरेगावहून
मी घरीच करते, म्हणून जरा लांबण लावते.

आधी लोंबणारे धागे आणि चुरलेला फोम कात्रीने काढून टाकायचा. भोक खोल असेल तर तेवढ्याच आकाराचा फोमचा पातळ तुकडा आत बसवायचा, नाहीतर वरून लावलेलं कापड खड्ड्यात दबून परत तिथेच फाटतं. मग वर्तमानपत्राचा कागद टाचेच्या आत दाबून आकार काढायचा. पट्टी भोकापुरती कापू नका. टाचेच्या दोन्ही बाजूंना चांगली पुढपर्यंत आणि खाली आतल्या सोलच्या खाली जाईल एवढी लांब घ्या. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपरा पहिला सुटतो.

फेविबॉन्डसारखा रबरी गोंद पट्टीला आणि बुटाला, दोन्हीकडे पातळ लावायचा आणि लगेच चिकटवायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला चिकटेनासा झाला की मधून सुरुवात करून बाजूंकडे दाबत जायचं. चमच्याच्या पाठीने घासलं की सुरकुती राहत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, वास उग्र असतो. आत कागद कोंबून रात्रभर ठेवायचं.

जुन्या जीन्सचं कापड लावून पाहिलं, चालतं, पण स्वेड, म्हणजे लव असलेलं मऊ कातडं, सरस. त्याची लव खालच्या दिशेने येईल अशी पट्टी लावा: पाय आत सहज जातो आणि चालताना टाच वर सरकत नाही.

परळहून, रुग्णालयात पाळीची नोकरी
बारा तास पायांवर असते त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा. एकच कळकळीचं सांगणं. घरात कोणाला मधुमेह असेल तर ताठ पट्टी उघडी पडलेला बूट दुरुस्त होईपर्यंत त्यांना घालू देऊ नका. पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग कातडी सोलवटलेली त्यांना कळतही नाही, आणि जखम चिघळू शकते. दुरुस्तीनंतरही आत बोट फिरवून गाठ, टोक, शिवणीचा उंचवटा लागतो का ते बघा.

डोंबिवलीहून
ताई, पट्टीइतकंच महत्त्वाचं म्हणजे नाडी. आपण गाडी पकडायच्या घाईत नाडी न सोडता पाय कोंबतो आणि टाचेखाली मागचा भाग चेपतो. अस्तर तिथूनच जातं. नाडी सोडून, शूहॉर्न किंवा चमचा लावून पाय घाला. बूट सैल असेल तर जाड मोजे घाला. सैल बुटात नवी पट्टीही लवकर झिजेल.

सायनहून
कातडं हवं असेल तर धारावीतल्या लेदरच्या दुकानांत विचारा, मला तिथे लहान तुकडे मिळाले. कापडच हवं तर मंगलदास मार्केट.

विलेपार्ल्याहून
जून ते सप्टेंबर या कामाला हात लावताना बूट आतून कोरडा आहे ना ते नीट पाहा. वरून कोरडा वाटतो, फोममध्ये ओल असते आणि गोंद धरत नाही. कागद कोंबून पंख्याखाली ठेवायचा, कागद बदलत राहायचा. तयार चिकटपट्ट्या मिळतात त्या पावसाळ्यात माझ्याकडे कधीच टिकल्या नाहीत, घामानेसुद्धा सुटतात. धुताना गार पाणी वापरा, गरम पाण्याने रबरी गोंद मऊ पडतो. मुलांच्या पांढऱ्या पीटी शूजना हेच लागू.

धागाकर्ती (सुरुवातीचा प्रश्न विचारणारी)
सगळ्यांचे मनापासून आभार. रापीने कडा पातळ करणं आणि लवेची दिशा, दोन्ही मला नवीन होतं. आता एक प्रश्न: आतली ताठ पट्टीच मोडली असेल तर?

ठाण्याहून
मग वरून अस्तर लावून भागत नाही, मोडलेलं टोक नवं कातडंही भोसकतं. काकांनी माझ्या एका जोडीचं अस्तर वरून उसवलं, मोडकी पट्टी काढून दुसरी घातली आणि परत शिवलं. वेळ बराच लागतो, सकाळी देऊन संध्याकाळी न्या. जोड महागाचा किंवा आवडता असेल तरच करा.