मदत हवी आहे: प्रोप्रॅनोलॉल आणि आईची शुगर

आईचे हात थरथरतात, म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी प्रोप्रॅनोलॉल ४० सुरू केलंय. गुण छान आलाय, कप बशीवर आता खडखडत नाही. पण तिला इन्सुलिनही चालू आहे आणि काळजी तिथेच आहे. पूर्वी शुगर उतरली की छातीत धडधड, हातांना कंप, लगेच साखर तोंडात टाकायची. परवा दुपारी यातलं काहीच नाही. नुसतीच गप्प बसली होती, कपाळ आणि मान घामाने चिंब. ग्लुकोमीटरवर ५८!

डॉक्टरांना फोन केला. ही गोळी धडधड आणि कंप झाकते, घाम मात्र येतो, असं ते म्हणाले. गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, हेही बजावलं. पुढच्या भेटीत मेटोप्रोलॉलसारख्या, मुख्यतः हृदयावर काम करणाऱ्या गोळीचा विषय काढणार आहे; पण कंपाला तिचा तेवढा उपयोग होतो का?

कुणाच्या घरी इन्सुलिन आणि ही गोळी दोन्ही चालू आहेत का? शुगर कधी कधी तपासता? रात्री झोपेत उतरली तर कसं कळतं? दंडावर लावायचा सेन्सर वापरणाऱ्यांनी तर नक्की सांगा.