मदत हवी आहे: आबाजींची दंडारीची गाणी शूट करतोय, उजेडाचं कसं जमवू?

नमस्कार मंडळी. मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यातला. माझे आबाजी 78 वर्षांचे आहेत. तरुणपणी ते दंडारीत, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या नाच-गाण्याच्या लोककलेत, नाचायचे. काही गाणी आता गावात त्यांच्याशिवाय कोणालाच येत नाहीत, ती मला मोबाईलवर नीट उतरवून ठेवायची आहेत. कॉलरला लावायचा माईक घेतलाय, आवाज छान येतो. अडतंय ते उजेडापाशी.

घर मातीचं, वर कवेलू, हातभर एक खिडकी. आबाजींना दाराकडे पाठ करून बसवलं की मागचं अंगण पांढरंफटक आणि चेहरा काळाठिक्कर. आत बसवून ट्यूब लावली तर एक गाल निळसर, बल्बाकडचा पिवळा.

बांधीतही (धानाच्या शेतात) करून पाहिलं. धान कापायला आलंय, मागे तेच हवं होतं. पण दुपारी डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी दिसल्या. आणि डोळेच तर दिसायला हवेत, गाताना ते डोळ्यांनी अर्धं सांगतात.

रात्री चौकात पोरांना घेऊन आबाजी गायले. हॅलोजन लावला होता, तर व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. तो सगळा शूट वाया गेला याचं फार वाईट वाटतंय, कारण त्या रात्री त्यांचा आवाज खूप लागला होता.

फोनमध्ये प्रो मोड आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेटिंग हाताने बदलता येतात. दोन हजारांपर्यंत खर्च करू शकतो. काय घेऊ, काय करू?

प्रतिसाद (लग्नाचे शूट करतो, साकोली)

भाऊ, आधी पट्ट्यांचं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. फोन आपल्या मनाने 1/60 सेकंदाचा शटर (एका फ्रेमसाठी उजेड घेण्याचा वेळ) धरतो आणि मेळ बसत नाही. प्रो मोडमध्ये सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 पक्का करा. हल्ली हॅलोजन म्हणून मिळतो तो बहुतेक एलईडी फोकस दिवाच असतो. काही स्वस्त फोकस तरीही लपलपतात, म्हणून आदल्या रात्री अर्धा मिनिट शूट करून बघा.

घरात दाराला पाठ नको, दार त्यांच्या एका बाजूला येऊ द्या. दुसऱ्या बाजूला दीड-दोन फुटांवर थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. ट्यूब, बल्ब दोन्ही बंद. एकाच जातीचा उजेड राहिला की रंग फाटत नाहीत. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, नाहीतर गाण्याच्या मध्येच चेहऱ्याचा रंग बदलतो.

बांधीत सकाळी आठच्या आत किंवा चारनंतर जा. ऊन पाठीमागून येऊ द्या, समोरून तीच शीट धरा. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून एक्सपोजर (उजेडाचं माप) लॉक करा, कारण पांढरं धोतर-टोपी पाहून फोन सगळंच काळवंडवतो. सध्या दिवा विकत घेऊ नका, थर्माकोल आणि एक चांगला स्टँड पुरे.

प्रतिसाद

दादा, एक सांगते. माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, समोर फोकस लावला की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मग आम्ही फोकस चुन्याच्या भिंतीकडे वळवला आणि भिंतीवरून परतलेल्या उजेडात तिला बसवलं. आजी निवांत बोलली, सुरकुत्यासुद्धा सुंदर आल्या. उजेड मऊ करायला फोकसवर धोतर टाकतात काही जण. खऱ्या हॅलोजनवर ते कधीच करू नका, काच इतकी तापते की कापड पेटतं.

धागाकर्ता

भाऊ, ताई, मनापासून धन्यवाद. आज सकाळी दार बाजूला घेऊन, थर्माकोल लावून दोन गाणी घेतली. डोळे दिसले! आबाजींनी स्वतः तीनदा पाहिलं.

आता रात्रीचं राहिलं. चौकात चुन्याची भिंत नाही आणि नाचणारे गोल फिरतात. दोन फोकस समोरासमोर उंचावर बांधू, की एकच ठेवून दुसऱ्या बाजूला पांढरी चादर ताणू? पोरं शनिवारी पुन्हा जमणार आहेत.